लखोट्यातलं उत्तर

९ एप्रिल १९५७ या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन निकाल दिले. दोन्हींत एका बाजूला आर. एम. डी. चमारबागवाला हे नाव होतं. समोर एकात मुंबई राज्य होतं, दुसऱ्यात भारत सरकार. कायदा शिकणारी मुलं आजही ‘चमारबागवाला’ म्हटलं की व्यवसायस्वातंत्र्य, जुगार, राज्यांचा कर बसवण्याचा अधिकार असं सगळं घडाघडा सांगतात. पण हा सगळा वाद ज्या वस्तूवरून पेटला होता ती अगदी साधी होती. चौकटी आखलेला कागद, काही घरं काळी, काही पांढरी, बाजूला आडवे शब्द आणि उभे शब्द. शब्दकोडं.

शब्दकोडं सोडवणं हे बुद्धीचं काम की नशिबाचा खेळ, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे होता. मला तो केवळ कायद्याचा वाटत नाही. कोडं घालणारा आणि सोडवणारा यांच्यात एक करार असतो. उत्तर एकच आहे, मला ते ठाऊक आहे आणि नीट डोकं चालवलंस तर तुलाही ते सापडेल, एवढा शब्द पहिल्याने दुसऱ्याला दिलेला असतो. हा करार कुणी कागदावर केला नव्हता. तो घडायला एक तप जावं लागलं, आणि तो घडवण्यात एका तरुण मुलीचा वाटा सगळ्यांत मोठा होता.

तसं कोडं आपल्याला नवं नाही. महाभारत लिहून घेताना गणपतीने अट घातली, मी थांबणार नाही. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग मधूनमधून असे कूट श्लोक घातले की गणपतीलाही लेखणी क्षणभर अडवून धरावी लागे. ही कथा लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात एकशेआठ रामायणं रचली असं सांगतात. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ मिटावे लागतील असे वर्ण टाळून लिहिलेलं. ‘म’ म्हणायचं तर ओठ मिटतातच. तेव्हा रामाची कथा सांगायची, पण राम हा शब्द उच्चारायचा नाही! घाटावर उखाणे होते, गोव्यात आणि कोकणात हुमाणं होती. संध्याकाळी अंगणात बसून म्हातारी माणसं कोडी घालत, आणि पोरं हरली की ‘हरलो म्हण’ असं वदवून मगच उत्तर सांगत.

या जुन्या कोड्यांत एक गोष्ट समान होती. उत्तर बरोबर की चूक हे घालणाऱ्याने सांगायचं. आपण ‘नारळ’ म्हणालो आणि आजोबांनी मान हलवली नाही, तर विषय संपला. शब्दकोड्याने जी नवी गोष्ट आणली ती इथे आहे. आडवा शब्द उभ्या शब्दाला छेदतो आणि त्या छेदावरचं अक्षर दोघांचं असतं. एकाचं उत्तर दुसरा तपासतो. आजोबांच्या मान हलवण्याची गरजच उरत नाही. कागदच साक्ष देतो.

ही कल्पना वर्तमानपत्रात आणली आर्थर विन याने. मूळचा लिव्हरपूलचा हा माणूस तरुणपणी अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकात रविवारची ‘फन’ नावाची गमतीची पुरवणी सांभाळू लागला. नाताळच्या आधीच्या अंकासाठी काहीतरी नवं हवं होतं. लहानपणी इंग्लंडमध्ये खेळलेले शब्दांचे चौरस त्याला आठवले. २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात त्याने शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आखली. मधोमध पोकळ जागा होती, आणि वरच्या टोकाला ‘फन’ हा शब्द वाचकांना आयताच भरून दिलेला होता. त्याने नाव ठेवलं ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांनी छापताना दोन शब्दांची अदलाबदल झाली, ‘क्रॉस-वर्ड’ असं छापून गेलं, आणि तेच जगाने उचललं. छपाईतली एक चूक अशी अमर झाली.

ते पहिलं कोडं आज बघितलं तर सदोष दिसतं. पारवा या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द त्यात दोन ठिकाणी उत्तर म्हणून आला आहे. एक सूचना गोमुती नावाच्या ताडाच्या धाग्याबद्दल आहे. तीन अक्षरी उत्तर, आणि ते तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तरीही ते कोडं सुटत होतं, कारण त्या अनोळखी शब्दाची अक्षरं आजूबाजूच्या ओळखीच्या शब्दांतून आपोआप येत होती. जो शब्द आपल्याला माहीतच नव्हता तो आपण कागदावर बरोबर लिहून बसतो! माझ्या मते विनचा खरा शोध हाच. चौकट काय, मुलं वाळूतही आखतात.

वाचकांना वेड लागलं. त्यांनी स्वतः कोडी रचून पाठवायला सुरुवात केली. खिळे जुळवणाऱ्यांना मात्र हा प्रकार डोकेदुखीचा होता. अंकांचे घोळ होत, सूचना गळत, चौकटीत नसलेल्या घराचे क्रमांक छापले जात. वाचकांची रागावलेली पत्रं यायची आणि ती वाचायला कुणाला वेळ नसायचा.

१९२१ साली ‘वर्ल्ड’मध्ये मार्गारेट पेथरब्रिज नावाची मुलगी नोकरीला लागली. स्मिथ कॉलेजातून नुकतीच शिकून आलेली, पत्रकार व्हायचं स्वप्न मनात, हाती आलं ते संपादकाच्या चिटणीसाचं काम. विनने आपल्या अंगावरचं शब्दकोड्याचं लोढणं तिच्याकडे सरकवलं. तिला शब्दकोडी सोडवायची सवय नव्हती आणि हौसही नव्हती. ज्या कोड्याची चौकट डोळ्यांना बरी दिसेल ते उचलायचं आणि छापखान्यात पाठवायचं, असं तिचं चालू होतं.

मग तिच्या शेजारच्या टेबलाशी फ्रँकलिन अॅडम्स हा नावाजलेला स्तंभलेखक येऊन बसू लागला. तो कोड्यांचा शौकीन. चूक दिसली की हातात अंक घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा आणि ती चूक मोठ्याने वाचून दाखवायचा. एकदा चिडून तिने छापायचं कोडं आधी स्वतः सोडवून बघायचं ठरवलं. तेव्हा तिला कळलं की वाचक काय सोसत होते. उत्तर बसत नाही म्हणून माणूस अर्धा तास स्वतःच्या बुद्धीला दोष देत बसतो, आणि चूक असते छापणाऱ्याची. पुढे तिने स्वतः सांगितलं आहे, की डावा हात शब्दकोशावर ठेवून आणि उजवा हात वर करून तिने शपथ घेतली: यापुढे कोडं निर्दोष करूनच छापायचं.

ती शपथ तिने पाळली. प्रत्येक कोडं छापण्यापूर्वी सोडवून बघायचं. चौकट उलटी धरली तरी तशीच दिसली पाहिजे. प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत आलं पाहिजे, म्हणजे वाचकाला प्रत्येक घरासाठी दुसरी वाट मिळेल. काळी घरं फार नकोत. दोन अक्षरी शब्द नकोत. यांतला प्रत्येक नियम वाचकाच्या बाजूचा आहे हे लक्षात घेतलं पाहिजे. कोडं अवघड असायला हरकत नाही, पण सोडवणाऱ्याला कोंडीत पकडायचं नाही.

१९२४ मध्ये रिचर्ड सायमन आणि लिंकन शूस्टर या दोन तरुणांनी प्रकाशनाचा व्यवसाय काढला. छापायला पुस्तक नव्हतं. सायमनची एक मावशी कोडी सोडवायची. तिने विचारलं, कोड्यांचं पुस्तक मिळतं का रे कुठे? मिळत नव्हतं. दोघांनी मार्गारेट आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना गाठलं. आपलं हसं होईल या भीतीने पुस्तकावर स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही, दुसऱ्याच नावाने ते काढलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ३,६००, प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल. एप्रिलात पुस्तक बाहेर पडलं आणि वर्ष संपेपर्यंत खप लाखांवर गेला. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने प्रवाशांसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच नोव्हेंबरात अग्रलेख लिहून या छंदाला वेळेची पापासमान उधळपट्टी म्हटलं.

या नाकं मुरडणाऱ्यांबद्दल मला राग नाही, वाईट वाटतं. त्यांना वाटलं की लोक शब्दांशी चाळा करत आहेत. प्रत्यक्षात पहिल्यांदाच लाखो माणसं रोज शब्दकोश उघडत होती. टाइम्सने आपला हट्ट सतरा वर्षं चालवला. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, दिवे मालवून घरात बसायचे दिवस येणार हे दिसू लागलं, आणि त्याच महिन्यात संपादकांच्या कागदपत्रांत शब्दकोड्याचा विषय निघाला. १५ फेब्रुवारी १९४२ च्या रविवारी टाइम्समध्ये पहिलं कोडं आलं. ते बघायला बोलावलं होतं मार्गारेटलाच. आता ती मार्गारेट फरार झाली होती. कोडं सोडवताना माणसाला स्वतःच्या चिंता आठवत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. १९६९ पर्यंत तिने टाइम्सची कोडी सांभाळली.

इंग्लंडात करार निराळ्या अंगाने वाढला. तिथे सूचना थेट न देता आडवळणाने द्यायची पद्धत पडली. वरवर वाक्याचा अर्थ एक, आणि शब्द फोडले, उलटे वाचले, अक्षरं हलवली की दुसराच. लंडनच्या टाइम्समध्ये कोडं सुरू झालं १ फेब्रुवारी १९३० ला, आणि त्याचा पहिला रचनाकार अॅड्रियन बेल हा सफोकमध्ये शेती करणारा लेखक होता; त्याने त्याआधी एकही कोडं सोडवलेलं नव्हतं. वडिलांनी त्याला या कामाला लावलं. नांगरताना, गुरांमागे फिरताना त्याला सूचना सुचत असतील का, हा विचार मला नेहमी आवडतो. आणखी काही रचनाकार मात्र छळ करण्यात धन्यता मानणारे होते. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लिहिणाऱ्या एकाने तर स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचं, तोर्केमादा हे टोपणनाव घेतलं होतं. त्याच्यानंतर आलेला शिमेनेस, आणि त्याच काळातला आफ्रिट, दोघेही मुळात शाळामास्तर. या दोघांनी आडवळणाच्या सूचनेलाही नियम लावले. आफ्रिटचा नियम थोडक्यात असा: रचनाकाराला जे म्हणायचं आहे ते त्याने सरळ म्हटलं नाही तरी चालेल, पण त्याने जे लिहिलं आहे त्यातून ते निघालंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका. मराठी घरात नात्यातल्या थट्टेला जो नियम असतो तोच हा.

महायुद्धात या कोड्यांना भलतंच महत्त्व आलं. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ला पत्रं आली, की तुमची कोडी फारच सोपी झाली आहेत. मग कचेरीत पंचवीसेक जणांना बसवून बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली. काही जणांनी ते करून दाखवलं. पुढे त्यांच्यातल्या काहींना युद्धखात्याकडून गुपचूप पत्रं गेली, आणि शत्रूच्या सांकेतिक लिप्या फोडण्याचं काम जिथे चाले त्या ब्लेचले पार्कमध्ये कोड्यातली माणसं रुजू झाली.

त्याहून विलक्षण प्रकरण १९४४ चं. टेलिग्राफचे जुने रचनाकार लिओनार्ड डॉ हे स्ट्रँड शाळेचे मुख्याध्यापक होते. बॉम्बहल्ल्यांमुळे शाळा लंडनमधून सरेमधल्या एफिंगम गावी हलवलेली. २ मे च्या कोड्याचं एक उत्तर आलं ‘युटा’. नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरणार होतं त्याचं हे गुप्त नाव. २२ मे ला ‘ओमाहा’, दुसऱ्या किनाऱ्याचं. २७ ला ‘ओव्हरलॉर्ड’, म्हणजे सगळ्या मोहिमेचंच नाव. ३० ला ‘मलबेरी’, तरंगत्या बंदरांचं. जूनच्या आरंभी ‘नेपच्यून’, आरमारी बाजूचं. चढाई झाली ६ जूनला. मधल्या काळात गुप्तहेर खात्याची माणसं मास्तरांच्या दारात उभी राहिली नसती तरच नवल. त्यांनी डॉंना उलटंसुलटं विचारून हैराण केलं आणि शेवटी हाती काही लागलं नाही म्हणून सोडून दिलं.

चाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने तोंड उघडलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे मास्तर मुलांना रिकामी चौकट देत आणि शब्द बसवायला सांगत. सूचना नंतर स्वतः लिहीत. गावाजवळ सैन्याचे तळ पडलेले. हा मुलगा सैनिकांत घुटमळायचा, त्यांच्या तोंडी येणारे शब्द उचलायचा आणि चौकटीत टाकायचा. ते शब्द काय आहेत हे मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी वही जाळायला लावली आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मला या हकिकतीत मास्तरांचं मौन मोठं वाटतं. गुप्तहेर समोर बसलेले असताना चौदा वर्षांच्या पोराचं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी वर्तमानपत्रांबरोबर शब्दकोडं हिंदुस्थानात आलं, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे त्याला बक्षिसांची जोड मिळाली. बक्षीस असणं वाईट नाही. मार्गारेटच्या नियमांनी रचलेल्या कोड्याला कुणी बक्षीस लावलं तर मी आनंदाने पाठवीन. पण बक्षीस मोठं ठेवायचं तर अडचण अशी की चांगलं कोडं हजारो जणांना सुटतं. मग बक्षीस वाटणार कसं? त्यावर जी युक्ती निघाली तिने कोड्याचा प्राणच घेतला.

त्या धर्तीवर मराठीत एक नमुना करून दाखवतो. दोन घरं, पहिलं रिकामं, दुसऱ्यात ‘डी’ छापलेलं. सूचना: कर्ज काढून घेतली तर मनाला सुख देत नाही. आता गाडी म्हणा, माडी म्हणा, साडीसुद्धा म्हणा. तिन्ही बसतात. रिकाम्या घराला छेद देणारा उभा शब्द मुद्दामच दिलेला नसतो. अशी दहा-बारा घरं आली की शक्यता हजारोंनी वाढतात. बरोबर उत्तर कोणतं, तर जे संयोजकांनी आधी ठरवून लखोट्यात मोहोरबंद करून ठेवलं आहे ते. वाचक मग एकाच कोड्याच्या पाच-पाच, दहा-दहा प्रवेशिका भरतो, कधी गाडी, कधी माडी, आणि प्रत्येकीचे पैसे मोजतो. दिसायला हे शब्दकोडंच असतं, शब्दकोश मांडीवर घेऊन माणूस बसलेलाही असतो. पण साक्ष देणारा छेद काढून घेतला आहे. आजोबा परत आले आहेत, आणि या खेपेला ते मान हलवायचे पैसे घेतात.

चमारबागवाला यांच्या कंपनीची कोडी बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकात येत. मुंबई राज्यात या साप्ताहिकाचा मोठा खप होता. प्रवेशिका आणि शुल्क गोळा करायला इथे कंपनीची केंद्रं होती, माणसं होती. मुंबई राज्याने १९४८ मध्ये सोडती आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला होता. १९५२ मध्ये त्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धाही त्यात ओढल्या. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे आधी एका न्यायमूर्तींपुढे आणि मग मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठापुढेही कंपनीच्या बाजूने निकाल लागला. राज्य सर्वोच्च न्यायालयात आलं.

दरम्यान १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांचा स्वतंत्र कायदा केला. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे: अक्षरं, शब्द किंवा आकडे यांची जुळवाजुळव करून सोडवायच्या कोड्यांसाठी बक्षीस देणारी स्पर्धा. देशाच्या संसदेने शब्दकोड्याची व्याख्या करावी, असा तो काळ. महिन्याला एकूण हजार रुपयांहून जास्त बक्षिसं देता येणार नाहीत, आणि प्रवेशिका दोन हजारांच्या आतच हव्यात, असं कायद्याने बजावलं. त्यालाही आव्हान दिलं गेलं.

मुंबई राज्याच्या खटल्यात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकाल लिहिला. जुगाराबद्दल आपल्या समाजाला काय वाटत आलं आहे हे दाखवायला ते थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापर्यंत गेले, महाभारतातल्या द्यूतापर्यंत गेले. जुगार हा व्यापार नव्हे आणि व्यापाराच्या स्वातंत्र्याचं कवच त्याला मिळणार नाही, असा निर्णय देऊन त्यांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांचा. १९५५ च्या कायद्याचे शब्द मोघम होते. ते जसेच्या तसे वाचले तर खऱ्या बुद्धीची कोडीही त्यात सापडली असती. न्यायालयाने सांगितलं, की हा कायदा जुगारासारख्या स्पर्धांनाच लागू आहे. ज्यात यश पुष्कळ अंशी कौशल्यावर अवलंबून असतं त्या स्पर्धा त्याच्याबाहेर, आणि त्या चालवणं हा घटनेने मान्य केलेला व्यवसाय आहे.

गाडी आणि माडी यांच्यातलं अंतर असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मोजलं गेलं. पुढे रमीच्या खटल्यात, घोड्यांच्या शर्यतींच्या खटल्यात, अगदी मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या क्रिकेटच्या खटल्यांतही वकिलांनी हीच पानं उघडली. कौशल्य की नशीब, ही आपल्या कायद्यातली रेषा शब्दकोड्याच्या चौकटीवर आखली गेली आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

मोठी बक्षिसं गेली. शब्दकोडं गेलं नाही. रविवारच्या पुरवणीत, दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांत ते रुजून राहिलं, आणि मराठीत रुजताना त्याला वेगळीच कसरत करावी लागली. इंग्रजीच्या घरात सव्वीस अक्षरांपैकी एक बसतं. आपल्या घरात बसतं ते काना-मात्रेसकट पुरं अक्षर. छत्तीस व्यंजनं धरली आणि बाराखडी लावली तरी चारशेच्या वर होतात, जोडाक्षरं वेगळीच. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकमेकांना पहिल्या घरात छेदू शकत नाहीत. ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, ‘ण’ने जवळजवळ नाहीच, म्हणजे ही अक्षरं कुठे पडतील हे आधीच हेरून चौकट आखायची. प्रत्येक घर दोन शब्दांत आलंच पाहिजे हा मार्गारेटचा नियम मराठीत पाळायला गेलं तर रचनाकाराला वेड लागेल. म्हणून आपल्या चौकटी लहान, काळी घरं जास्त, शब्द बहुधा तीन-चार अक्षरी. ऱ्हस्व-दीर्घाकडे काही जण काणाडोळा करतात. मला ते पटत नाही. छेदाची साक्ष अर्धवट झाली की मग तिच्यावर विसंबायचं कसं?

पण या अडचणींतच मराठी कोड्याचं सौंदर्य आहे. ‘स्वातंत्र्य’ घ्या. घरं तीनच: स्वा, तं, त्र्य. या शेवटच्या घरातून खाली कुठला शब्द सोडणार? ‘त्र्यंबक’ आठवतो आणि हातातून निसटतो, कारण तिथे अनुस्वार आहे. ‘त्र्य’ने सुरू होणारा शब्द सापडता सापडत नाही. मग रचनाकार उलटा विचार करतो: या घरात येऊन संपणारा शब्द कुठला? आणि त्याला सापडतं ‘चारित्र्य’. चा, रि, त्र्य. आडवं स्वातंत्र्य आणि उभं चारित्र्य कोपऱ्यातल्या एका घरात येऊन भेटतात. ज्या कुणाला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याने त्या दिवशी दुसरं काही काम केलं नसणार.

आमच्या घरी कोडं वडील सोडवत. रविवारचा अंक चार घड्या घालून गुडघ्यावर, हातात टोक केलेली पेन्सिल. खात्री असलेला शब्द ते दाबून लिहीत, संशय असलेला पुसट. आई कधी कोडं हातात घेत नसे. ती समोर मेथी निवडत बसलेली असे, आणि वडील अडले की मोठ्याने वाचत, कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात.

“तीन अक्षरी. चांगलं असेल तर मुलाला, वेडंवाकडं असेल तर घाटाला.”

वर आडवा ‘कावळा’ बसलेला होता, त्यामुळे पहिलं घर ‘व’ हे नक्की होतं. वडिलांनी ‘वजन’ म्हणून पाहिलं, ‘वचन’ म्हणून पाहिलं. आईने मेथीची काडी मोडली.

“वळण,” ती म्हणाली. “लिहा, आणि ही पानं त्या रोवळीत टाका.”

वडिलांनी ‘ळ’ लिहिला, त्याखाली ‘ण’ लिहिला. त्या ओळीत मघाशी पुसटसं ‘अंगण’ लिहून ठेवलेलं होतं, शेवटचं घर तेवढं मोकळं सोडून. त्यांनी एकदा आडवं वाचलं, एकदा उभं वाचलं, आणि पेन्सिल दाबून ‘अंगण’ची अक्षरं एकेक करून गडद केली.